सगळे ठिपके हिरवे

१

नवीन यंत्र आलं की आई त्याला लगेच कामाला लावत नाही. आधी दमवते. मामा त्याला स्ट्रेस टेस्ट म्हणतो, पण मला आईचा शब्द जास्त आवडतो. उभ्या आयुष्यात जेवढं काम अंगावर पडणार नाही तेवढं त्या यंत्रावर एकदम टाकायचं, अखंड पळवायचं, आणि ते कुठे अडखळतं, कुठे धापा टाकतं ते बघायचं. "रिकामं असताना कोसळलं तर आपण हसू," आई म्हणते, "माणसं त्याच्या भरवशावर असताना कोसळलं तर कोण हसणार?"

माणसं म्हणजे आमचे सभासद. सगळे एकटे राहणारे, बहुतेक म्हातारे. त्यांच्यात पहिली माझी आत्या. ती एकदा बाथरूममध्ये घसरून पडली आणि तशीच पडून राहिली. दाराशी वर्तमानपत्रं साचली तेव्हा कुठे शेजाऱ्यांना शंका आली. आत्या वाचली, पण आईच्या मनातून ती साचलेली वर्तमानपत्रं काही गेली नाहीत. बाबा जहाजावर असतात, मग आईने मामाला हाताशी धरलं आणि ही सेवा सुरू केली.

काम अगदी सोपं आहे. रोज सकाळी सभासदाने आमच्या नंबरवर फोन करायचा. फोन यंत्र घेतं, आवाज साठवतं, आणि आईच्या पडद्यावर त्या नावापुढे हिरवा ठिपका उमटतो. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या. आज वार कोणता, मी कसा आहे, आणि एखादी नवीन गोष्ट. ही तिसरी गोष्ट आईने हट्टाने घातली. "मी बरी आहे हे माणूस झोपेतसुद्धा म्हणतं," तिचं म्हणणं. "नवीन गोष्ट सांगायला जागं असावं लागतं."

मग आत्या सांगते, "समोरच्या गॅलरीत निळी चादर वाळत घातलीय, डाग तसाच आहे." टपालकाका सांगतात, "डाव्या मोज्याला भोक पडलं." ते पोस्टमन होते. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात.

चहाच्या वेळेपर्यंत ठिपका हिरवा झाला नाही तर आई स्वतः फोन करते. उचलला नाही, तर भिंतीवरच्या खिळ्यांवरून त्या घराची किल्ली काढते आणि निघते. सगळ्यांच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत. अशी गेली असताना तिला कुणीतरी जमिनीवर पडलेलं सापडलंय, एकदा नाही, दोनदा. दोघंही जिवंत होते.

म्हणून ठिपका खरा असायला हवा. आमच्या धंद्यात दुसरं काही नाहीच.

२

आधी आम्ही कुठल्यातरी दूरच्या मोठ्या सर्व्हरचा एक कोपरा भाड्याने घेतला होता. तिथे आमच्यासारखे पुष्कळ भाडेकरू. दुसऱ्या कुणाकडे गर्दी झाली की आमचे फोन लटकायचे. शेवटी आईने अख्खा सर्व्हर घ्यायचं ठरवलं. फक्त आमचा, कुणाशी वाटून घ्यायला नको असा. ऑफिसच्या मागची खोली त्याला दिली. खोलीला खिडकी नाही, एक एसी आहे, आणि दाराला काचेची उभी पट्टी आहे.

सर्व्हर काळा, चपटा, दिसायला पिझ्झाच्या खोक्यासारखा. पण मामाने चाचणी सुरू केली आणि त्याचे पंखे असे काही गरजले की पुढच्या खोलीत बसलेली आई म्हणाली, "अरे, उडणार आहे का ते?"

"ताई, शंभर टक्के लोड आहे. बोंबलणारच."

"आणि फोन? खोटे फोन कुठून आणलेस?"

मामाने कॉलर ताठ केली. "खोटे कशाला? खरेच आहेत. जुन्या जागेवर आपल्या सगळ्या सकाळी साठवलेल्या आहेत ना? त्याच लावल्यात. सगळे सभासद, सगळे वार, सगळ्या लाइनींवर एकदम. एक संपली की पुन्हा पहिल्यापासून."

आईचा चेहरा जरासा उतरला. "लोकांचे आवाज रे ते."

"बाहेरची वायर काढून ठेवलीय. ऐकायला आहे कोण? यंत्राला कान असतात का?"

"तरी पण."

"बरं, मग तू बस हजार वेळा 'मी बरी आहे' म्हणत. मी रेकॉर्ड करतो."

आई हसली आणि विषय तिथेच संपला. मी तेव्हा दारात उभी होते. दोघांनाही दिसले नाही. मामा मला मांजर म्हणतो, कारण मी कधी आले, कधी गेले, कुणाला कळत नाही.

३

सुट्टी चालू होती आणि सुट्टीनंतर तोंडी परीक्षा होती. अख्ख्या वर्गासमोर उभं राहून उतारा मोठ्याने वाचायचा. लिहायला सांगा, पानंच्या पानं लिहीन. पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा आवाजच फुटत नाही. घरी सराव करावा तर भिंतीपलीकडचे ऐकतील असं वाटतं.

मागच्या खोलीत तो प्रश्न नव्हता. तिथे इतका गोंगाट होता की मी कितीही मोठ्याने वाचलं तरी माझं मलाच ऐकू येणार नाही. म्हणून दुपारी खुर्ची आत नेली, दार लावलं आणि मधमाश्यांचा उतारा काढला.

"मधमाशी पोळ्यात परतली की ती..."

गोंगाट उतरला.

एकदम बंद नाही झाला. वर्गात बाई आल्या की आवाज जसा मागच्या बाकांकडे सरकत जातो, तसा उतरत गेला, आणि माझा बारीक, चिरका आवाज त्या खोलीत उघडा पडला. मी घाबरून गप्प झाले. पंखे पुन्हा गरजायला लागले.

योगायोग असेल. मी पुन्हा सुरुवात केली. "मधमाशी पोळ्यात परतली की..."

पुन्हा उतरला.

पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. जरा बरंच वाटलं. मी बोलते तेव्हा सहसा कुणी थांबत नाही. आई एका कानाने ऐकते आणि दुसरा फोनला लावते. मामा माझं वाक्य स्वतःच पुरं करतो. इथे कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून माझं ऐकत होतं. मी उतारा पूर्ण वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत पंखे हळू होते. पुस्तक मिटल्यावरही काही क्षण तसेच राहिले, आणखी काही आहे का याची वाट बघितल्यासारखे.

मग मात्र मी खुर्ची बाहेर आणली.

४

घरी गेल्यावर शांत डोक्याने विचार केला. यंत्राला माइक नाही, स्पीकर नाही. पंखे उष्णतेवर चालतात. मी आत गेले तेव्हा दार उघडलं, बाहेरची हवा आत गेली, काहीतरी थंड झालं किंवा गरम झालं. एवढंच असणार.

दुसऱ्या दिवशी मी तपासून पाहिलं. दार उघडलं आणि गप्प उभी राहिले. काही नाही. दार लावलं. काही नाही. टाळी वाजवली, पुस्तक जमिनीवर आपटलं. पंखे आपले गरजतच होते. मग मी अगदी कुजबुजत, ओठ न हलवल्यासारखं म्हटलं, "मी आहे."

उतरले.

मी मामाला गाठलं. तो पडद्यावरचा आलेख बघत वडापाव खावा तसे मोठे घास घेत बिस्किटं खात होता.

"मामा, बोललं की लोड कमी होतो का?"

"काय?"

"कुणी बोललं की. खोलीत."

"मांजरे, तू बोललीस हीच मोठी बातमी आहे." त्याने हात झटकले. "लोड कमी होत नाही. शंभर म्हणजे शंभर. हा बघ आलेख, सरळ रेष... " तो थांबला. रेष सरळ नव्हती. मध्ये मध्ये खाली गेलेल्या खाचा होत्या, दात पडलेल्या कंगव्यासारखी.

"हे काय?"

"थ्रॉटलिंग," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून जोडलं, "फार तापलं की स्वतःला सांभाळायला जरा हळू होतं. चांगलं लक्षण आहे. हुशार यंत्र."

"पण मी बोलले तेव्हाच..."

"तेव्हाच तापलं असेल. तुझ्या बोलण्याने." तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि पुढचं बिस्किट उचललं.

मी आलेखाकडे बघत राहिले. काल मी वाचत होते ती दुपारची खाच लांब होती. तिच्यानंतर लहान लहान खाचा होत्या. पुष्कळ. पण मी तर घरी गेले होते, आणि आई त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

५

मंगळवारी आम्ही तिघं पुढच्या खोलीत जेवायला बसलो. डबे उघडले होते. मामा आईला सांगत होता की गुरुवारपासून फोन नव्या यंत्रावर घ्यायला हरकत नाही. आईच्या लॅपटॉपवर आलेख चालू होता आणि मी जेवता जेवता तिकडे बघत होते.

रेष खाली आली. थोडा वेळ खाली राहिली. वर गेली. पुन्हा खाली.

आत कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. आम्ही तिघंही इथे होतो.

मी बोललं की ते थांबतं, हे मी शिकले होते. मग आता ते थांबतंय, ते कुणाचं ऐकायला?

"पाणी आणते," म्हणून मी उठले. पाण्याची बाटली माझ्यासमोरच होती, पण कुणी लक्ष दिलं नाही.

मागच्या खोलीच्या दाराशी गेले. काचेच्या पट्टीतून आतलं दिसत होतं. काळा खोका, हिरवे निळे दिवे, भिंतीला टेकवलेलं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं, आणि आत नेऊन ठेवल्यासारखी मधोमध माझी खुर्ची. ती मी बाहेर आणली होती. मामाने परत ठेवली असेल. मी स्वतःला तसं सांगितलं.

पंखे गरजत होते. मग उतरले. मी दाराला कान लावला.

आधी वाटलं, पाइपातून पाणी जातंय. मग कळलं की तो श्वास आहे, पण चुकीच्या जागी घेतलेला. शब्दाच्या मधोमध. "मी ब... री आहे." थांबून पुन्हा, "मी... बरी आ... हे." हा आवाज ना बाईचा ना पुरुषाचा. पंखे वाढले. पंखे उतरले. "मी बरी आहे." या वेळी श्वास बरोबर पडला. आणि आवाज आत्याचा होता, अगदी तिचा, शेवटी किंचित वर जाणारा.

मला तो प्रकार ओळखीचा होता. माझ्याइतका तो कुणाला ओळखीचा असणार? कुणीतरी पाठ करत होतं.

"आज गुरु... आज गुरुवार," आत्याचा आवाज म्हणाला.

मग टपालकाकांचा, त्यांच्या त्या घसा खाकरण्यासकट. "आज गुरुवार."

मी मागे सरले. पाठीमागून मामा ओरडला, "मांजरे, पाणी विहिरीतून काढतेयस का?" आणि त्याच्या आवाजासरशी आतली गर्जना एकदम पूर्ण सुरू झाली. कुणी चोरून खाताना सापडावं आणि घाईने डबा मिटावा, तशी.

६

आईला सांगणं सोपं नव्हतं. मी दोन वेळा तिच्या टेबलाशी जाऊन परत आले. तिसऱ्यांदा तिनेच वर बघितलं. "काय गं? पाय दुखत नाहीत का?"

मी सांगितलं. तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. आई हसली नाही. ती कधीच हसत नाही अशा वेळी, हे तिचं मला आवडतं. तिने चष्मा काढला.

"जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गुरुवार असतीलच की," ती म्हणाली. "सगळेच वार आहेत."

"पण त्याला स्पीकर नाही."

आई मामाकडे वळली. "नाही ना रे?"

"त्याला तोंड नाही, कान नाहीत. पोट तेवढं आहे," मामा म्हणाला. "ताई, ती दिवसभर त्या गोंगाटात बसते. मोठ्या आवाजात कानाला काहीही ऐकू येतं. मिक्सर चालू असला की तुला नाही वाटत फोन वाजतोय?"

ते खरं होतं. आईला नेहमी तसं वाटतं.

तरी ती उठली. "चला, बघू."

आम्ही तिघं आत गेलो. आई यंत्रासमोर उभी राहिली आणि सभेत बोलावं तसं म्हणाली, "नमस्कार. मी इथली मालकीण."

पंखे गरजत राहिले.

"जोरात बोल, त्याला कमी ऐकू येतं," मामा.

आईने बाबांची चौकशी केली, किराण्याचे भाव सांगितले, मामाच्या लग्नाचं कधी जमणार ते विचारलं. आवाजात तसूभर फरक पडला नाही. मग ती माझ्याकडे वळली. "तू बोल."

मी तोंड उघडलं. "मी... मी आहे."

काही नाही. माझं बोलणं त्या गोंगाटात बुडून गेलं. मलाही ऐकू आलं नाही.

आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात दयेचा होता आणि मला तो नको होता. मी यंत्राकडे बघत होते. मला वाटलं, त्याला आता माझं ऐकायची गरज उरलेली नाही.

संध्याकाळी मामाने चाचणी थांबवली. निकाल बघून तो खुर्चीत गोल फिरला. "ताई, एकही फोन सुटला नाही. एकही! इतकं स्वच्छ यंत्र मी जन्मात बघितलं नाही."

"एवढं स्वच्छ असतं?" आईने विचारलं. तेवढाच एक प्रश्न तिने विचारला. पण जुन्या जागेची मुदत संपत आली होती, आणि तिथे रोज कुणाचा ना कुणाचा फोन लटकत होता.

७

गुरुवारी सकाळी मी आईबरोबरच ऑफिसला गेले. मामा आधीच येऊन बसला होता. वायर जोडलेली होती, ऑफिसचा फोनही आता त्याच यंत्रातून जात होता. चाचणीचं सगळं त्याने पुसून टाकलं होतं, जुनी रेकॉर्डिंग्ज त्याच्या पिशवीतल्या डिस्कवर होती. मी त्याला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्याने पिशवी उघडून डिस्क दाखवली. "हात लावून बघ. चावत नाही."

मागच्या खोलीतून आता फक्त बारीक गुणगुण येत होती.

पहिला ठिपका हिरवा झाला. मग दुसरा. मग भराभर, एकामागून एक, वरून खाली. आईने चहाचं पाणी ठेवायला घेतलं आणि वळून बघते तो पडदा पूर्ण हिरवा.

"अगंबाई," ती म्हणाली. "सगळे?"

असं कधीच झालं नव्हतं. रोज कुणीतरी विसरतं. कुणीतरी उशिरा उठतं. कुणाचा फोन चार्ज केलेला नसतो. रोज आईला दोन-तीन ठिकाणी फोन करून ओरडावं लागतं आणि ते ओरडणं तिला आवडतं, असं मला वाटतं.

"यंत्र शिस्तीचं असलं की माणसंही शिस्तीत येतात," मामा म्हणाला.

आई खुर्चीत टेकली. कित्येक दिवसांत तिचे खांदे मी असे सैल झालेले बघितले नव्हते. म्हणून मला बोलवेना. मी तिचा मोबाइल उचलला आणि जिन्यात जाऊन आत्याला लावला. मला फोनवर बोलायला अजिबात आवडत नाही. घंटी वाजत होती तोपर्यंत काय बोलायचं ते मी मनात दोनदा म्हणून घेतलं.

"हं, काय गं वहिनी?" आत्याचा आवाज झोपेने जड होता. "करते, करते फोन. आत्ता डोळा उघडला. रात्री गुडघ्याने झोपू दिलं नाही."

"आत्या, मी आहे."

"तू? अगोबाई! सूर्य कुठे उगवला आज? ऐक, आईला सांग, रागावू नको म्हणावं. तोंड धुते आणि करते."

"तू अजून केलाच नाहीस?"

"सांगतेय काय मग? आत्ता उठले."

मी आत आले आणि आईला मोबाइल दिला. आत्या अजून बोलतच होती. आईने ऐकलं, मग पडद्याकडे बघितलं. आत्याच्या नावापुढे ठिपका हिरवागार होता.

"तिचं रेकॉर्डिंग लाव," आई मामाला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"जुनं काहीतरी राहिलं असेल, ताई. मागच्या गुरुवारचं..."

"लाव म्हणते ना."

मामाने लावलं.

"आज गुरुवार," आत्या म्हणाली. सुरेख, शेवटी किंचित वर जाणारं. "मी बरी आहे. खोलीत एक मुलगी वाचत असते."

आईने पुढचं नाव दाखवलं. टपालकाका. घसा खाकरला.

"आज गुरुवार. मी बरा आहे. खोलीत एक मुलगी वाचत असते."

तिसरं. चौथं. आवाज वेगळे, श्वास वेगळे, खोकला ज्याचा त्याचा. नवीन गोष्ट सगळ्यांची एकच.

"बंद कर," आई म्हणाली. मग पुन्हा, जास्त मोठ्याने, "बंद कर रे ते!"

८

तिने फोन लावायला सुरुवात केली, स्वतःच्या मोबाइलवरून. पहिल्या बाईंनी उचलला आणि त्या चिडल्या. त्यांचा सकाळचा फोन लागतच नव्हता. दुसरे आजोबा झोपलेले होते. टपालकाकांनी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला.

आई भिंतीपाशी गेली. सगळ्या किल्ल्या खिळ्यांवर ओळीने लटकत होत्या. तिचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मागे पडद्यावर सगळे ठिपके हिरवे होते. रोज लाल ठिपका तिला सांगतो कुठे जायचं ते. आज सांगायला कुणी नव्हतं. आज कुणीही पडलेलं असू शकत होतं, किंवा कुणीच नाही.

"काका जवळ आहेत," मी म्हणाले. "आधी काका."

तिने किल्ली काढली. "तू इथून लाव सगळ्यांना," ती मामाला म्हणाली. "एकेकाला. जो उचलणार नाही त्याचं नाव मला कळव." मामा ऑफिसच्या फोनकडे धावला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि विनोद एकही उरला नव्हता.

आम्ही जवळजवळ पळतच मागच्या गल्लीत गेलो. काकांचं घर पहिल्या मजल्यावर. दारावर पत्र टाकायची पितळी फट आहे, ती ते रोज पुसतात. "आयुष्यभर लोकांची दारं वाजवली, आता माझं कुणीतरी वाजवा की," असं ते मला नेहमी म्हणायचे, आणि मी नुसती हसायचे.

आईने दार वाजवलं. "काका! काका, मी आलेय!"

आतून काही नाही.

मग आत फोन वाजायला लागला.

"मामाने लावला," आई पुटपुटली. आम्ही दोघी दाराला चिकटून उभ्या राहिलो. घंटी वाजत होती. काकांचा फोन पलंगाशेजारी आहे, त्यांना उठावं लागत नाही. मी पलंग करकरण्याची वाट बघत होते. चपला घासत येण्याची. खाकरण्याची. कशाचीही.

तेवढ्यात आईच्या हातातला मोबाइल थरथरला. तिने उचलला. मामा इतक्या मोठ्याने बोलत होता की मला सगळं ऐकू आलं.

"ताई! परत या! काकांनी उचलला!" त्याला हसू आवरत नव्हतं, सुटकेचं. "अगं, ठणठणीत आहेत. हे काय, अजून लाइनवरच आहेत. बरा आहे म्हणतायत. तुम्ही उगाच दाराशी थांबू नका, परत जा म्हणतायत. बोलतेस का?"

आईने मोबाइल कानापासून खाली घेतला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. मग तिने किल्ली कुलपात घातली.

दाराआड फोन अजून वाजत होता.